विचारायचे कुणाला?

मृगाच्या तोंडावर जालन्याच्या बाजारात तासभर उभे राहून पाहावे. बियाण्यांच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची झुंबड असते. दुकानांच्या भिंती कंपन्यांच्या रंगीत जाहिरातींनी भरून गेलेल्या असतात. टपोरी बोंडे, भरलेली कणसे आणि शेजारी हसणारा शेतकरी. पण त्या चित्राकडे पाहून पिशवी उचलणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. दुकानाची पायरी चढण्याआधी तो बाहेर थांबतो. कुणी सोयरा, कुणी गाववाला दिसला की तंबाखू मळता मळता विचारतो, "गेल्या साली कोणतं लावलं होतं? बोंडं कशी लागली? पाणी किती लागलं?" मग आत जातो आणि तेच वाण मागतो.

जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी इथे महिको ही कंपनी सुरू केली आणि पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे मराठवाड्याच्या बांधाबांधावर पोचले, त्यात कंपन्यांच्या जाहिरातींचा वाटा असेलच. पण शेवटचे पाऊल शेतकऱ्याने टाकले ते शेजाऱ्याचे शेत पाहून. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याचा असाच अभ्यास केला होता. १९४३ साली तो प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची बातमी शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून कळली, पण ते पेरायचे धाडस त्यांनी केले ते शेजाऱ्याच्या अनुभवावर, असे त्यात दिसून आले. माणसाचा स्वभाव आयोवात आणि अंबडमध्ये फारसा वेगळा नसतो.

आता हे सारे रविवारच्या सकाळी सांगायचे कारण शेती नाही. ज्या घरातला पुरुष बियाण्याची पिशवी निवडताना चार जणांना विचारून येतो, त्याच घरातल्या त्याच्या बायकोलाही एक निर्णय घ्यायचा असतो. पहिले मूल कधी, दुसरे कधी, आणि मधल्या काळात पाळणा लांबवायचा तर कशाने? हा निर्णय घेताना ती कुणाला विचारते? तिच्याभोवती विचारण्यासारखे असते तरी कोण? कुटुंबनियोजनाची चर्चा आपल्याकडे सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, पण या साध्या प्रश्नाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावी लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बसण्याचा योग आला होता. बाळांची रडारड, वजनकाटा, सिस्टरांची घाई असा सगळा थाट होता. एक मुलगी सात-आठ महिन्यांचे बाळ घेऊन आली. तिला मुलगीच म्हणायला हवे, कारण विशी अजून ओलांडलेली नव्हती. लस टोचून झाल्यावर आशाताईंनी तिला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "बाळ अजून अंगावर पितंय. लगेच दुसरं नको बाई. तांबी बसवून घे." मुलगी मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाईंना विचारते." हे उत्तर आशाताईंना पाठ असावे. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी उठली, दारापर्यंत गेली, पुन्हा वळली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारले, "ताई, तुम्ही सोता बसवली होती का?"

मला हा प्रश्न विसरता येत नाही. मागे भिंतीवर सगळ्या साधनांची चित्रे असलेला तक्ता टांगलेला होता. त्यात तांबी होती, गोळ्या होत्या, इंजेक्शन होते, फायदे होते. तिला वाचता येत होते, ती दहावीपर्यंत शिकलेली होती. पण तिला तक्ता नको होता. तिला हवी होती ती वापरलेली बाई. बाजारात तिचा नवरा जे विचारतो, तेच ती विचारत होती.

आपला कार्यक्रम मात्र बाई जणू एकटी आहे अशा समजुतीवर चालत आला. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला. लाल त्रिकोण आला, "हम दो, हमारे दो" आले, १९६८ साली निरोध आला, रेडिओवर श्रुतिका आल्या. सारे काही त्या एका बाईला उद्देशून होते. तिला माहिती द्या, साधन द्या, म्हणजे ती वापरेल. पण खेड्यातली बाई एकटी कधीच नसते. तिच्या एका बाजूला सासू असते, दुसऱ्या बाजूला थोरली जाऊ, समोरच्या दारात चुलत सासू, नळावर शेजारणी आणि फोनवर माहेर. तिच्या कानावर पडणारे शब्द तक्त्यावरचे नसतात, या माणसांचे असतात.

आणि हे शब्द कोणते असतात? "तांबी वर सरकती अन् काळजाला जाऊन भिडती." "गोळ्या पोटात साठून गोळा व्हतो." "विंजेक्शन घेतलं की कायमची कूस बंद." हे ऐकून आपण शहरातली माणसे हसतो, बायकांना अडाणी ठरवून मोकळे होतो. तांबी काळजाला भिडत नाही, हे खरेच आहे. ती गर्भाशयात राहते आणि तिथून हृदयाकडे जायला वाटच नाही. गोळ्या साठत नाहीत, त्या विरघळतात आणि शरीराबाहेर पडतात. 'अंतरा' नावाचे तीन महिन्यांचे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात, पण कूस बंद होत नाही.

तरीही या बोलण्यात खऱ्याचा एक कण असतो आणि तोच आपण नाकारतो. तांबीने पहिले काही महिने अनेकींना पाळीत जास्त जाते, पोटात कळा येतात. इंजेक्शनने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, ती कापूस वेचायला दिवसभर वाकलेली, जिथे धड आडोसा नाही तिथे तिला जास्त अंगावरून जाऊ लागले, तर तो किरकोळ त्रास नव्हे. तिला आधी कुणी सांगितलेलेच नसते की असे होईल, बहुतेकींचे चार-सहा महिन्यांत कमी होते, नाही झाले तर परत ये, काढून टाकू. सांगितले नाही म्हणून ती घाबरते, तांबी काढून टाकते आणि गावाला सांगते. गाव ऐकते. यात अडाणीपणा कुठे आला? तिने अनुभव सांगितला, गावाने अनुभवावर विश्वास ठेवला.

इथेच बियाण्याची आणि तांबीची वाट वेगळी होते. शेजाऱ्याचे पीक चांगले आले तर बांधावरून दिसते, वाईट आले तरीही दिसते. पाळणा लांबवण्याच्या साधनाचे तसे नाही. ज्या बाईला तांबी मानवली, ती पाच-पाच वर्षे गप्प असते. शेजारणीला पत्ताही नसतो. दोन मुलांत चार वर्षांचे अंतर पडले, तर लोक म्हणतात, देवाची कृपा. जिला त्रास झाला तिचा आवाज मात्र नळापासून बाजारापर्यंत जातो. गावात दहा जणींनी तांबी बसवली, नऊ जणी सुखात आहेत आणि एकीला त्रास झाला असे धरा. गावाच्या हिशेबात तांबी बसवलेली बाई एकच, ती त्रास झालेली. हा हिशेब चुकीचा आहे, पण तो कुणाच्या लबाडीने चुकलेला नाही. नऊ जणींच्या मौनाने चुकलेला आहे.

उलट ऑपरेशन सगळ्यांना दिसते. बाई तालुक्याला जाते, दोन दिवसांनी येते, माहेरची माणसे येतात, चार दिवस तिला कामाला लावत नाहीत, टाक्याचे की बिनटाक्याचे याची चर्चा होते. महिनाभराने ती पुन्हा शेतात दिसते. सगळ्यांनी पाहिलेले असते म्हणून ऑपरेशनची भीती मोडली. आज महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचे ऑपरेशन झालेले आहे, असे २०१९ ते २०२१ या काळातली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. याच पाहणीत पुरुषांची नसबंदी शंभरात अर्धीही भरत नाही. तांबी, गोळ्या आणि इंजेक्शन यांचा वाटाही तसा किरकोळच.

कुणी म्हणेल, मग बिघडले कुठे? कुटुंबे तर लहान झाली. खरे आहे. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी २.८६ मुले होत होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. मुलांची संख्या हा आता फारसा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो लग्न आणि ऑपरेशन यांच्या मधल्या वर्षांचा. जालना जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते, असे याच पाहणीत आढळले. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिले मूल, विसाव्या वर्षी दुसरे, मुलगा नसेल तर तिसरे आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन. तिचे सगळे बाळंतपण सात वर्षांत उरकून टाकले जाते. कोवळ्या अंगावर, रक्त भरून यायच्या आत, एकामागून एक. या सात वर्षांत तिला अंतर ठेवायच्या साधनाची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमकी हीच वर्षे तिची सर्वांत एकटेपणाची असतात.

जरा आठवून पाहा. माहेरी तिला मैत्रिणी होत्या. शाळेची वाट होती, गौरी-गणपती होते, नदी होती. लग्न झाले आणि ती दुसऱ्या गावी आली. तिथे तिला ओळखणारे कुणी नाही. वर्षभर तरी ती डोक्यावरचा पदर सावरत घरातच असते. शेतात जायचे तर सासूबरोबर, दवाखान्यात जायचे तर सासूबरोबर. मैत्रिणींची लग्ने होऊन त्या चार दिशांना गेल्या. फोन आहे, पण तो नवऱ्याचा. गावात आशाताई आहेत, पण त्या घरी आल्या की सासूशी बोलून जातात. गावात बचत गट आहेत, जालना जिल्ह्यातही गावोगाव आहेत आणि त्यांनी बायकांना बोलते केले हे मान्यच करायला हवे. पण बहुतेक घरांतून गटात एकच बाई जाते आणि ती सासू तरी असते किंवा थोरली जाऊ तरी. नव्या सुनेला गटात जायला दहा वर्षे लागतात. तोवर तिचे ऑपरेशन झालेले असते.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २०१८ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी अठरा ते तीस वयाच्या विवाहित स्त्रियांना विचारले, नवरा आणि सासू सोडून तुम्ही मनातले कुणाशी बोलता? एक तृतीयांशाहून अधिक जणींना सांगण्यासारखे एकही माणूस त्या अख्ख्या जिल्ह्यात नव्हते. ज्या सुना सासूबरोबर राहत होत्या, त्यांना बाहेरच्या मैत्रिणी आणखी कमी. आणि जिला बाहेर कुणीतरी बोलायला होते, ती दवाखान्यात जाण्याची आणि साधन वापरण्याची शक्यता जास्त होती. जौनपूर म्हणजे जालना नव्हे. आपल्याकडच्या बायका शेतात राबतात, बाजाराला जातात, तिथल्यापेक्षा मोकळ्या आहेत. पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या सुनेपुरते बोलायचे, तर हे चित्र परके वाटत नाही.

सासूला खलनायिका करायचा मोह इथे आवरायला हवा. पन्नाशीतल्या अशा एका मावशींना मी विचारले होते, "सुनेला तांबी का बसवू देत नाही?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या येळेला कोणी इचारलं व्हतं? पाच झाली, दोन गेली. मग शिबिरात नेलं, एका दिवसात वीस-पंचवीस बायांचं उरकलं. घरी आल्यावर आठ दिवस ताप. मला काय ठावं ही तांबी कशी ऱ्हाती?" थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "अन् पुन्ना लेकरू राहिलंच नाही तर लोक मलाच बोल लावतील ना." तिच्याजवळ जो अनुभव आहे तो शिबिराचा आहे. जी भीती आहे ती लोकांच्या बोलण्याची आहे. सून जशी तिच्याकडे पाहते, तशी ती गावाकडे पाहते. तिलाही कुणी नीट सांगितलेले नाही, कारण सारे तक्ते "लक्ष्य जोडप्यां"साठी होते आणि ती त्यात बसत नव्हती.

याच जाळ्यातून घातक गोष्टीही तितक्याच वेगाने जातात. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दर हिवाळ्यात हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. सहा महिने कोपीत राहायचे, पहाटे फडात उतरायचे. गावची आशा मागे राहते. गोळ्यांचे पाकीट संपले तर तिथे देणारे कुणी नाही, इंजेक्शनची तारीख फडातच उलटते. बायकांना विचारायला उरतात त्या फक्त टोळीतल्या बायका. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली उघडकीस आले, की ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण भयंकर आहे. राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यात अनेकजणी तिशी-चाळिशीतल्या. दोष पाळीच्या दिवसांत सुट्टी न देणाऱ्या व्यवस्थेचा आणि पिशवी काढायला सहज तयार होणाऱ्या डॉक्टरांचा. पण "पिशवी काढली की कटकट मिटली" हे वाक्य एका कोपीतून दुसऱ्या कोपीत बायकाच घेऊन गेल्या. फडातल्या बाईला दुसरे काही सांगणारे कुणी नव्हते, म्हणून तिला तेच खरे वाटले.

आणि पुरुष? पारावर या विषयावर बोलणे नाही, थट्टा तेवढी होते. "नसबंदी केली की माणूस नांगराच्या कामाचा राहत नाही." ही समजूत काही अनादि काळापासूनची नाही. १९७१ साली केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात साठ हजारांहून अधिक पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती. त्या काळी हे ऑपरेशन पुरुषाचेच समजले जाई. मग आणीबाणी आली. १९७६ साली माणसे पकडून नेली, कोटे ठरले, महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची मोहोर त्यावर उमटली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही एवढेच. आणीबाणी १९७७ साली संपली, पण तिच्या गोष्टी संपल्या नाहीत. बापाने मुलाला सांगितल्या, मुलाने नातवाला. पुरुषांच्या जाळ्यात ती भीती अशी रुतली, की ऑपरेशनचा सारा भार बायकांवर सरकला तो सरकलाच. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पुरुषाचे ऑपरेशन सोपे, बिनटाक्याचे, थोड्या वेळाचे आहे. नंतर तीन महिने दुसरे साधन वापरून तपासणी केली की झाले, ताकद कमी होत नाही. पण हे सांगणारा, करून घेतलेला एखादा तरी पुरुष गावात हवा आणि त्याने पारावर बसून सांगायला हवे.

मग करायचे काय? या प्रश्नाची उत्तरे दूरची आहेत, तशी जवळचीही आहेत. दक्षिण कोरियाने १९६८ साली खेड्याखेड्यांत मातांची मंडळे सुरू केली. बायका महिन्यातून एकदा जमत, भिशीसारखी बचत करत, आणि त्यात गोळ्यांची, तांबीची चर्चा होई. एव्हरेट रॉजर्स आणि लॉरेन्स किंकेड या अभ्यासकांना तिथे एक गंमत आढळली. एका गावात बहुतेक बायका गोळ्याच घेत, तर दुसऱ्या गावात बहुतेकींनी तांबीच बसवलेली. पुरवठा सगळीकडे सारखाच होता. फरक एवढाच, की ज्या गावात पहिल्या दोघी-तिघींनी जे वापरले आणि बोलून दाखवले, तेच त्या गावाचे वाण झाले. हे रॉजर्स मूळचे आयोवाच्या शेतकरी घरातले, हा योगायोग मला बोलका वाटतो.

जवळचे उदाहरण जामखेडचे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले, तेव्हा शिकलेल्या नर्सपेक्षा गावची लेकुरवाळी, बहुतेकदा निरक्षर बाई गावात जास्त ऐकली जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले, दर आठवड्याला एकत्र बसवले, महिला मंडळे उभी केली. देशात आशा नावाची कार्यकर्ती २००५ साली आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. जालन्याच्या हद्दीला लागून पैठण तालुक्यात पाचोड आहे. तिथल्या ग्रामीण आरोग्य संस्थेने कोवळ्या वयातल्या विवाहित मुलींपर्यंत पोचण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत नवऱ्यांना आधी एकट्याने आणि मग जोडीने बसवून बोलते करण्याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्या घरांत साधनांचा वापर वाढला. म्हणजे पुरुषही बोलतात. त्यांच्याशी कुणी बोलायला मात्र हवे.

या सगळ्यांतून मला एक मागणी मांडावीशी वाटते. नव्या सुनेला साधन देण्याआधी तिला एक मैत्रीण द्या. गावात वर्षभरात आलेल्या सुनांची महिन्यातून एक बैठक आशाताईंच्या दारी व्हावी. त्यात विषय केवळ कुटुंबनियोजनाचा नको. स्वयंपाक, माहेरची आठवण, शिवणकाम, काहीही चालेल. बोलणे सुरू झाले की हा विषय आपोआप निघतो. त्याच बैठकीला ज्यांनी तांबी, गोळ्या, इंजेक्शन वापरले आहे अशा दोघी-तिघी याव्यात, मानवले त्या आणि नाही मानवले त्याही. त्रास लपवून विकलेले साधन चार दिवस टिकते, त्रास सांगून दिलेले टिकून राहते. सासवांची बैठक वेगळी घ्यावी आणि त्यांना मान देऊन विचारावे, तुमच्या वेळी काय झाले? ऊसतोडीला निघणाऱ्या बाईच्या हाती सहा महिन्यांच्या सोयीचा आणि कारखान्याच्या भागातल्या आशेचा नंबर असावा.

आणि आशेला यासाठी वेळ मिळावा. तिच्याकडे सरकारने किती नोंदवह्या, किती मोबाइल ॲप, किती मोहिमा सोपवल्या आहेत हे पाहिले, तर ती कुणाच्या ओट्यावर दहा मिनिटे बसू कशी शकते याचेच नवल वाटते. १९९६ साली आपण कुटुंबनियोजनातली लक्ष्ये कागदावरून पुसली. मनातून ती पुरती पुसली गेलेली नाहीत. "या महिन्यात तुमच्या किती केसेस?" हा प्रश्न जोवर विचारला जातो, तोवर बायका आशाताईंच्या बोलण्यातही केसचाच वास घेतील. ओळखीच्या माणसाचा भरवसा कोटा भरायला वापरला, तर तो भरवसाही जातो. १९७६ ने तेवढे तरी शिकवायला हवे. तांबी नको म्हणायचा हक्क सुनेला असायलाच हवा. मी मागतो आहे ते एवढेच, की नको म्हणताना ती भीतीपोटी नव्हे, तर समजून म्हणो.

हे वाचताना कदाचित तुम्ही म्हणाल, हा खेड्यातला प्रश्न झाला. तसे आहे का? आपल्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात लेकीच्या साखरपुड्याच्या साड्यांवर चार तास चर्चा होते. लग्नानंतर पहिले वर्ष कसे सांभाळायचे, कुठले साधन तुला मानवेल, मला काय झाले होते, हे किती आयांनी लेकीला, किती सासवांनी सुनेला सांगितले आहे? शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा बोलणाऱ्याची बदनामी होई. आज बदनामी होत नाही, आपल्याला फक्त संकोच वाटतो. खेड्यातल्या नऊ जणी गप्प आहेत, तशा आपणही गप्पच आहोत.

त्या अंगणवाडीतल्या मुलीला आशाताईंनी काय उत्तर दिले ते सांगायचे राहिले. त्या म्हणाल्या, "बसवली होती ना. थोरलीच्या पाठीवर पाच वर्षं. पहिले तीन महिने लई गेलं, मी रडले. मग काही नाही." मुलगी थोडा वेळ उंबऱ्यातच उभी राहिली. बाळाच्या टोपीची नाडी बांधत तिने विचारले, "घरी येऊन आत्याबाईंना हे असंच सांगाल का?" आशाताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "चल, आत्ताच येते."